साडेआठवर अडकलेले पिंप

मंगळवार, ता. ४

वहीबाई, उशीर झाला, राग मानू नये. नातीने तुला शनिवारी माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "आबा, आजपासून रोज लिहायचं." शनिवारी पाठ दुखत होती. रविवारी ती परत जाणार म्हणून घरात गडबड. काल पेन सापडत नव्हते, ते आज माझ्याच कानावर सापडले. चौथी शिकलेल्या माणसाने लिहायला बसणे म्हणजे दाढ काढून घ्यायला बसणे. दाढा तर आता उरल्या नाहीत, तेव्हा लिहिणेच आले.

हकीकत अशी. घरामागे आमची द्राक्षांची लहानशी बाग आहे. इतकी वर्षे द्राक्षे व्यापाऱ्याला घालत आलो. नात वाइन करण्याचे शिक्षण घेऊन दूरच्या एका मोठ्या कंपनीत शिकाऊ म्हणून लागली आहे. यंदा तिने दोन दिवस रजा काढली, एका पिंपापुरती द्राक्षे स्वतः तोडली, चिरडली, त्यात यीस्ट घातले आणि तळघरातले ते पिंप माझ्या गळ्यात बांधून गेली. जाताना म्हणाली, "आबा, हे नीट उतरलं तर नोकरी सोडून मी घरी येते. आपण आपलीच वाइन करू. नाही उतरलं तर कंपनी मला कायम करतेय, तिथेच राहीन. महिनाअखेर त्यांना उत्तर द्यायचंय."

म्हणजे नात घरी येणार की नाही हे एक पिंप ठरवणार, आणि त्या पिंपावर लक्ष ठेवणार मी. देवाला याहून बरा माणूस सापडला नाही. सापडायला शोधावे लागते.

तिने दोन हत्यारे दिली आहेत. एक दुर्बीण. तिचे खरे नाव इतके लांब आहे की उच्चारताना कवळी सुटते. तिच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण लावायचे, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळा आणि पांढरा असे दोन रंग दिसतात. ते जिथे भेटतात तो आकडा म्हणजे शंभर भाग रसात साखर किती भाग. शनिवारी चोवीस होती. दुसरे हत्यार तरंगी. काचेची बंद नळी, खाली छर्रे भरलेले पोट, वर आकडे लिहिलेली मान. रसात सोडली की उभी तरंगते. साखर भरपूर असली की डोके वर काढते, साखर उतरत गेली की बुडत जाते.

यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल करते. किती करील याचा हिशेब नातीने मला झेपेल असा सांगितला. साखरेचे निम्मे करायचे, त्यात साखरेचा विसावा हिस्सा घालायचा. चोवीसचे निम्मे बारा, विसावा हिस्सा एक आणि थोडे वर. तेराला जरा जास्त. तिला तेच हवे आहे, आणि साखर अजिबात उरायला नको आहे.

एक गोष्ट तिने तीन वेळा बजावली. रस आंबायला लागला की दुर्बीण बंद, फक्त तरंगी. का, तेही सांगितले. पण त्या वेळी मी मान डोलवत होतो, आणि मान डोलवताना मला ऐकू येत नाही.

तळघराच्या भिंतीवर तिने कागद चिकटवला आहे. कोणत्या तारखेला साखर कितीवर यावी याचा अंदाज. शेवटचा आकडा शून्याखाली एक असा आहे. साखर शून्याखाली कशी जाते? मेलेल्या माणसाने आणखी थोडे मरावे तसे झाले.

बुधवार, ता. ५

सकाळी तरंगीवर एकवीस. भिंतीवरच्या कागदावरही एकवीस. नातीला फोन केला. ती खूश, मी तिच्याहून खूश. त्या खुशीत तरंगी धुऊन सदऱ्याच्या खिशात चष्म्याशेजारी ठेवली आणि बुटाची नाडी बांधायला वाकलो.

वाकू नका असे डॉक्टरने सांगितलेच होते. पण त्याने ते पाठीसाठी सांगितले होते.

काच एका जागी राहिली, छर्रे मात्र तळघरभर पळाले. वरून हिचा आवाज, "काय फुटलं?"

"काही नाही."

"काही नाहीचा आवाज बराच मोठा आला."

मी गुडघ्यांवर बसून मिळतील तेवढे छर्रे गोळा केले. नवी तरंगी मागवायची तर ती नातीच्या कंपनीतूनच येते, म्हणजे नातीला सांगणे आले. चौथ्याच दिवशी असे सांगायचे? म्हातारा एक काचेची नळी सांभाळू शकत नाही, त्याच्या भरवशावर नोकरी काय सोडायची, असे तिच्या मनात येणारच. माझ्याही मनात आले.

दुर्बीण आहे की. साखर ती साखर, पुढून बघितली काय आणि मागून बघितली काय.

शुक्रवार, ता. ७

पिंपात मोठी मजा चालली आहे. फेस येतो, आतून चुरचुर ऐकू येते आणि सालांचा चोथा वर येऊन टोपीसारखा बसतो. तो दिवसातून दोनदा दांडक्याने खाली दाबायचा. दाबला की पुन्हा वर. आमच्या व्याह्यांसारखा स्वभाव आहे.

रस गाळून दुर्बिणीत पाहिला. सतरा. कागदावर तेरा. पुन्हा पाहिला, डोळा बदलून पाहिला. सतरा.

तेवढ्यात फोन. "किती, आबा?"

मी सतराच म्हणणार होतो. तोंडातून आले, "तेरा."

"बरोबर तेरा?"

"पावणेतेरा ते तेरा, यामधे."

खोट्याला पाव-अर्धा जोडला की त्याला वजन येते, हे आज कळले. या वयात माणूस अजून शिकतो आहे.

रविवार, ता. ९

दुर्बिणीत तेरा. नातीला कागद बघून सहा सांगितले. तिने विचारले, "वास कसा येतोय?" वास चांगला येत होता, तो चांगला सांगितला. एकूण बोलण्यातले निम्मे तरी खरे झाले.

हिने खिडकीत बाटलीच्या झाकणात अकरा छर्रे मांडून ठेवले आहेत. म्हणाली, "तळघरात पायाला लागले. उंदीर बंदुका घेऊन फिरतात वाटतं."

"फिरत असतील," मी म्हणालो.

हिला कसलाही संशय आलेला नाही.

मंगळवार, ता. ११

दुर्बिणीत दहा, फोनवर एक.

नात म्हणाली, "आबा, इथल्या साहेबांना तुमचे आकडे दाखवले. म्हणाले, आमच्या टाक्यांपेक्षा तुमचं पिंप शिस्तीत आहे!" क्षणभर छाती फुगली. मग आठवले की ते शिस्तीतले पिंप भिंतीवर चिकटवलेले आहे. खाली आहे ते वेगळे.

जेवण गेले नाही. ही म्हणाली, "पोट बिघडलंय की डोकं?" मी पोट सांगितले. तिने ओवा दिला.

गुरुवार, ता. १३

दुर्बिणीत साडेआठ. फेस थांबला. चुरचुर थांबली. चोथा वर येईनासा झाला, खालीच बसून राहिला. पिंपाला कान लावला तर आत काही नाही. माझ्या छातीला डॉक्टर कान लावतो तेव्हा त्यालाही असेच वाटत असणार.

नातीला मात्र सांगितले, "शून्याखाली एक." इतके खोटे मी लग्न ठरताना वयाबद्दलसुद्धा बोललो नव्हतो. ती आनंदाने ओरडलीच. "संपलं, आबा! उतरलं! आता दोन दिवस राहू दे, मग चोथा पिळून काढू. कसं ते मी सांगते."

संपले हे खरे. कोण संपले एवढेच तिला माहीत नाही.

शनिवार, ता. १५

काल साडेआठ, आज साडेआठ. हिशेब मांडला. चोवीसमधून साडेआठ गेले, उरले साडेपंधरा. तेवढीच साखर यीस्टने खाल्ली. साडेपंधराचे निम्मे पावणेआठ, विसावा हिस्सा पाऊण आणि वर किंचित. म्हणजे अल्कोहोल साडेआठ, साखरही साडेआठ. जुळी झाली. यीस्ट अर्ध्या वाटेत झोपले, आणि हे गोड गुळमट पाणी बघून नात कंपनीत कायम होणार.

शेवटी बॉयलरवाल्याला बोलावले. हा माझा शाळेपासूनचा मित्र. तीस वर्षे एका लाँड्रीचा बॉयलर सांभाळला. त्याला कोणतीही अडचण सांगा, त्याचे उत्तर एकच असते, आणि ते गरम असते.

"थंडी वाजतेय तुझ्या यीस्टला," तो पिंपावर थाप मारून म्हणाला. "ऊब दे."

"तुला यीस्टमधलं काय कळतं?"

"कळायचं काय त्यात? जीव आहे ना? मग गारठतो. माझ्या सासूला दोन गोधड्या घातल्या की लगेच बोलायला लागते."

पिंपाला तीन गोधड्या गुंडाळल्या, माझी पाठ शेकायची रबरी पिशवी मधे खोचली. ही खाली आली आणि बघत राहिली.

"बाळंतीण कोण?"

मग तिने माझ्या हातातला पेला घेऊन एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि म्हणाली, "तोंड कोरडं पडलं."

"गोड लागली ना?"

"गोड? अहो, यात साखर औषधाला नाही."

"साडेआठ आहे. मी डोळ्यांनी बघितली."

"साडेआठ साखर म्हणजे तुमचा चहा. मी रोज करते, मला माहीत आहे. हे चहासारखं लागतंय?"

आता हिला काय सांगणार? पन्नास वर्षे तिखट खाऊन जीभ गेली बिचारीची. काच कशी खोटे बोलेल? काचेला घाबरायला नात नाही.

रविवार, ता. १६

बॉयलरवाल्याच्या डोक्यातून दुसरी कल्पना निघाली. दुधात पाणी किती हे बघायची काडी असते, तीही रसात तरंगतेच. गल्लीच्या टोकाला डेअरी आहे, तिथे तांब्याभर वाइन घेऊन गेलो. डेअरीवालीने आधी माझ्याकडे, मग तांब्याकडे बघितले.

"आजोबा, हे दूध नाही."

"मी कुठे म्हटलं दूध आहे? काडी सोड."

तिने सोडली. काडी सरळ तळाला गेली आणि टक् करून आपटली.

"हे पाणीपण नाही," डेअरीवाली म्हणाली. "पाण्यात हिचं टोक वर राहतं. हे पाण्याहून हलकं आहे."

"साखर आहे त्यात, शंभरात साडेआठ. साखरेचं पाणी पाण्याहून हलकं होईल का? तुझी काडी बिघडलीय."

"पाणी घालणारा प्रत्येक जण मला हेच सांगतो," असे म्हणून तिने काडी धुऊन पुसून ठेवली.

येताना तिची कीव आली. बिघडलेल्या काडीवर धंदा चालला आहे आणि सांगायला गेले की टोमणा मारते.

सोमवार, ता. १७

आजचे लिहायला हात तयार होत नाही, पण लिहितो.

साडेआठ. गोधड्यांनी फरक पडला नाही. बॉयलरवाला आंघोळीचे पाणी तापवायचा हीटरचा रॉड घेऊन आला. म्हणाला, "आतून ऊब दिली पाहिजे. एकदा वाफ दिसली की तुझं यीस्ट धावत सुटतं की नाही बघ." मलाही पटले. माणूस बुडायला लागला की त्याला बॉयलरवालासुद्धा पटतो.

वायर बटणापर्यंत पोचत नव्हती, दुसरी जोडली. झाकण काढले. रॉड पिंपात सोडणार, तोच तळघरातला दिवा गेला. जिन्यात ही उभी होती. वरचे मेन बटण बंद करून आली होती.

"अहो, ज्याला मारायचंय त्याला उकळतात," ही म्हणाली. "ठेवा तो रॉड खाली."

"तुला यातलं कळत नाही."

"तरंगी फोडलीत ते कळतं. दहा दिवस पोरीला भिंतीवरचे आकडे वाचून दाखवताय ते कळतं. आवाज वरपर्यंत येतो." तिने फोन माझ्या हातात कोंबला. नंबर लावलेलाच होता. "आधी तिला सांगा. मग काय बुडवायचं ते बुडवा. स्वतः उडी मारलीत तरी चालेल."

बॉयलरवाल्याला एकदम आठवले की घरी त्याचा गॅस चालू राहिला आहे. रॉड घेऊन तो गेला.

"आबा? या वेळी? सगळं ठीक ना?"

"तरंगी फुटली."

"असू दे हो. कधी?"

"पाच तारखेला."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मग पुढचे आकडे?"

"तुझ्या कागदावरचे."

मग ती हळू म्हणाली, "आणि दुर्बिणीत काय दिसत होतं?"

या वहीतून वाचून दाखवले. सतरा, तेरा, दहा, साडेआठ, साडेआठ, साडेआठ. ती कॅल्क्युलेटरची बटणे दाबत असल्याचे ऐकू येत होते.

"पिंप अडकलेलं नाही, आबा. ते गुरुवारीच संपलं. अल्कोहोल तयार झालं की दुर्बीण फसते. साखर नसली तरी असल्यासारखी दाखवते. म्हणून तर नको म्हटलं होतं वापरायला."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"आजीला चव विचारा."

"तिची जीभ..."

"आबा!"

मग ती जे बोलली ते जसेच्या तसे उतरवतो. "पिंपाचं सोडा. उद्या मी घरी आले, एकाची दहा पिंपं झाली, आणि मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही असेच आकडे सांगितलेत, तर मी काय करू? नशिबानं बरोबर निघाले म्हणून ते खरे होत नाहीत. इथे मी साहेबांना दाखवून आले, आबा."

"तू तिकडेच राहशील म्हणून..."

"ते मला माहीत आहे. म्हणूनच जास्त राग येतोय. मला विचार करू द्या."

हिने वर जाऊन बटण लावले. दिवा आला. मला तो अंधार बरा वाटत होता.

बुधवार, ता. १९

काल चोथा पिळून वेगळा केला. ही सांगत होती, मी करत होतो, आणि हिला नात फोनवर सांगत होती. माझ्याशी बोलली नाही.

आज हिच्या फोनवर तिचा निरोप आला. अल्कोहोल खरेच किती झाले ते स्वयंपाकघरात काढा. अरुंद गळ्याची एक लिटरची बाटली खुणेपर्यंत वाइनने भरायची, वजन करायचे. मग ती वाइन पातेल्यात उकळून निम्मी करायची. अल्कोहोल उडून जाते. गार झाल्यावर त्याच बाटलीत ओतायची, पाणी घालून पुन्हा खुणेपर्यंत आणायची, पुन्हा वजन. जितके ग्रॅम जास्त वाढतील तितके अल्कोहोल जास्त होते, कारण ते पाण्याहून हलके असते. सतरा ग्रॅम म्हणजे तेराच्या आसपास, सोळा म्हणजे बाराच्या वर. शेवटी लिहिले होते, "आबांना करू दे. चार वेळा."

चार वेळा केले. बॉयलरवाला मदतीला आला. मदत म्हणजे पातेल्यातल्या वाफेवर तोंड धरून उभा राहिला आणि "जरा सर्दी आहे" म्हणाला. तिसऱ्या पातेल्यापर्यंत त्याची सर्दी इतकी बरी झाली की तो गाऊ लागला. हिने त्याला खुर्चीत बसवून खिडक्या उघडल्या.

पहिल्यांदा सतरा ग्रॅम. दुसऱ्यांदा सोळा. तिसऱ्यांदा सतरा. चौथ्यांदा पंधरा. चौथे पातेले उतू गेले होते, मी गाणे ऐकत होतो.

पंधरा गाळावे असे फार वाटले. तीन आकडे कसे देखणे दिसत होते. पेन बराच वेळ हातात धरून बसलो. मग हिला म्हणालो, "लिही. सतरा, सोळा, सतरा, पंधरा. पंधराच्या वेळी उतू गेलं, चूक माझी."

"एवढंच?"

"दुसऱ्यांदा खूण बघताना चष्मा नव्हता, तेही लिही."

तिचे उत्तर आले. "बरं."

दुपारपासून त्या शब्दाकडे बघतो आहे. एवढ्याशा शब्दात किती राग मावतो कोण जाणे. हिला विचारले. म्हणाली, "बरं म्हणजे बरं." बायकांची एक टोळी असते आणि हिची त्यात वरची जागा आहे.

शनिवार, ता. २२

नातीकडून मोठे पार्सल आले. कापसात गुंडाळलेल्या दोन तरंग्या. एकीवर चिठ्ठी: "ही वापरायची." दुसरीवर: "ही फोडायची." हिला हसू आवरेना. मला हसण्यासारखे काही दिसले नाही.

लगेच वाइन गाळून नवी तरंगी सोडली. दोन्ही हातांनी सोडली, खिशाजवळसुद्धा नेली नाही. ती बुडाली, बुडाली आणि मानेपाशी थांबली. शून्याखाली एक. पुन्हा सोडली, तेच. म्हणजे नात खरे बोलत होती, डेअरीवालीची काडी धडधाकट होती आणि हिची जीभही. घरात आणि गल्लीत मिळून बिघडलेली वस्तू एकच निघाली. संध्याकाळी डेअरीवालीकडे जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "दूध किती देऊ?"

पण पार्सलमध्ये आणखी सामान होते. नातीची पुस्तके, तिचा टेबलावरचा दिवा, एक जाड स्वेटर आणि तळाशी तिचे गमबूट. टाचा झिजलेले, अंगठ्यापाशी द्राक्षाचा डाग पडलेले. हे बूट घालून ती तिथे टाक्या धुते.

गमबूट कोणी पाठवून देते का? ज्याला ते नको झाले तोच पाठवतो. कायम झाली असणार. कायम झालेल्या लोकांना टाक्या धुवाव्या लागत नाहीत, ते टाचांचे बूट घालून टेबलापाशी बसतात. जुने सामान टाकायला जागा हवी म्हणून म्हाताऱ्याच्या घरी लावून दिले.

हिला बोलून दाखवले. हिने कपाळाला हात लावला आणि वरची खोली झाडायला गेली. ती खोली हिने सहा वर्षांत उघडली नव्हती. "आत्ताच का?" विचारले तर म्हणते, "धूळ झालीय." पडदेही धुवायला काढले आहेत. आपल्या घरात इतके काही घडते आहे आणि हिला पडदे सुचतात.

सोमवार, ता. २४

महिनाअखेर आली. फोनची घंटा झाली की मी तळघरात जातो, म्हणजे मला उचलावा लागत नाही. काल नात हिच्याशी अर्धा तास बोलली. नंतर ही गुणगुणत होती. काय ठरले विचारले तर म्हणते, "तुम्हीच विचारा ना. तोंड आहे ना?"

तोंड आहे, पण त्याच्यावर आता माझा विश्वास नाही. म्हणून लिहून पाठवतो. खाडाखोड होते, तेव्हा आधी इथे उतरवले आहे.

"बाळ,

पार्सल पोचले. दोन्ही तरंग्या शाबूत आहेत, फोडायचीसुद्धा. आजचा आकडा शून्याखाली एक. चष्मा काढून पाहिला तर सव्वा दिसला. दोन्ही लिहितो, खरा कोणता ते तू ठरव. अल्कोहोल तेरा असेल असे वाटते, बाराही असेल. मला नक्की माहीत नाही. हे वाक्य लिहायला मला वीस दिवस लागले.

कंपनीला द्यायचे ते उत्तर दे, मी काही म्हणणार नाही. कायम झाली असलीस तर चांगलेच आहे, तिथे पगार आहे आणि म्हातारे नाहीत. पिंपाची काळजी करू नकोस. मी त्याला हात लावत नाही, बॉयलरवाल्याला तळघरात येऊ देत नाही.

एकच अडचण आहे. तुझे गमबूट. मी ते कागदात बांधून माळ्यावर ठेवले. तुझ्या आजीने काढून तळघराच्या दाराशी ठेवले. मी पुन्हा वर ठेवले, तिने पुन्हा खाली आणले, आणि आता मला शिडीवर चढू देत नाही. जाता-येता ते तिथे उभे दिसतात आणि माझे कामात लक्ष लागत नाही.

ते माळ्यावर ठेवू की दाराशी राहू देऊ, एवढेच कळव. पण लवकर कळव."